भर समुद्रात

निनादने जपानहून आलेली जुनी स्पोर्ट्स कार रोज ऑफिसला न्यायला म्हणून घेतली आणि चौथ्या दिवशी मेलबर्नला लॉकडाऊन लागला. घरापासून पाच किलोमीटर, बस्स. मग दूध, ब्रेड, पुन्हा दूध असं करत तो क्रेगीबर्न या आपल्या उपनगरातच घिरट्या घालू लागला. गाडीतला नकाशा फक्त जपानचा, त्यामुळे स्क्रीनवर सतत निळा समुद्र आणि मधोमध गाडीचा बाण.

साताऱ्यात बाबा व्हेंटिलेटरवर गेले. इथे देशाबाहेर जायची परवानगी तिसऱ्यांदा नाकारली गेली. फ्रीजमध्ये तीन बाटल्या दूध असताना निनादने किल्ली उचलली.

विसरलेला मास्क घेऊन बायको मागोमाग आली. खिडकीतून आत बघत म्हणाली, "ही स्क्रीन बदल रे एकदा. कधीही बघावं तर आपण भर समुद्रात."

"राहू दे. निदान निघालोय असं वाटतं."