पोतीतले चार मणी
धाकट्या सुनेचा, वच्छलाचा गळा फुगला, पोत आवळायला लागली, तेव्हा सासूनं आपले चार सोन्याचे मणी ओवून ती वाढवून दिली. तेव्हापासून ते मणी थोरल्या सोजरबाईच्या डोळ्यांत सलत होते. बारा वर्षं राबूनही तिच्या गळ्यात नुसते काळे मणी. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात जऊळक्याला गलगंड तपासायला डॉक्टरीणबाई आल्या, तर तिनंही हात पुढं केला. “धाकटीचंच काहून? माहंबी रक्त घ्या.” महिन्यानं बाई निकाल घेऊन आल्या. “वच्छलाचा गळा मोठा, पण ग्रंथी नीट काम करते. सोजरबाई, तुम्हाला सूज नाही, पण रक्तात अँटिबॉडी निघाल्या. तुमचंच रक्त तुमची ग्रंथी खातंय. म्हणूनच थकता. जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील.” सासूनं डोक्याला हात लावला. सोजरबाईची नजर धाकटीच्या पोतीवरून हलेना. “मंग बाई,” तिनं विचारलं, “माहा गळा कवा फुगन?”