हिरव्या दिव्यासाठी

"मावशी, पुन्हा सांगा. पोराचं इन्सुलिन संपलंय म्हणा," केतकी काकुळतीनं म्हणाली. कॉलेज सुटल्यावर ती या दवाखान्यात गरिबांना मदत मिळवून द्यायला येई.

नरसम्मानं यंत्राकडे तोंड केलं. "संपलंय बघा. होईल कायतरी."

यंत्रावरचा दिवा पुन्हा लाल झाला, म्हणजे नकार. हल्ली कोणाला किती गरज आहे ते हे यंत्र आवाजातल्या कंपावरून ठरवायचं, आणि नरसम्मा तर भाजीचा भाव सांगावा तशी बोलत होती. चारचौघांत रडगाणं गाणं तिच्या रक्तातच नव्हतं. दारातल्या बाकावर तिचा बालाजी मान टाकून बसला होता. यंत्र आता आणखी एकदाच ऐकणार होतं.

केतकीनं बाकाकडे एकदा पाहिलं. "मावशी, त्याचा रिपोर्ट आलाय. आता औषधाचाही उपयोग नाही."

"काय बोलाय लागलीस गं पोरी?" नरसम्माचा आवाज फाटला.

दिवा हिरवा झाला. खालच्या खणात इन्सुलिनची पेटी येऊन पडली.

केतकीनं तिचे हात धरले. "खोटं होतं ते, मावशी. यंत्रासाठी बोलले. माफ करा मला."

नरसम्मानं पदरानं डोळे पुसले आणि पेटी छातीशी धरली. आवाज पुन्हा पहिल्यासारखा सपाट झाला होता.

"पुढच्या महिन्यात काय सांगशील?"