दहाव्याच्या दिवशीचा पेपर

पिंडाला कावळा शिवेना. कुकडीच्या घाटावर जमलेली माणसं लांब सरकून बसली, पोरांना दटावून गप्प केलं, तरी समोरच्या बाभळीवरचा कावळा मान वाकडी करून नुसता बघत होता. हर्षाली बायकांच्या घोळक्यात उभी होती. कमरेला खोचलेलं हॉल तिकीट घामानं ओलं झालं होतं. दुपारी दोनला पुण्यात बँकेचा क्लार्कचा पेपर होता, आणि तिला उपयोगी पडेल अशी एसटी आळेफाट्यावरून एव्हाना निघून गेली होती.

दहावा नेमका रविवारी यावा यात दोष तरी कोणाला द्यायचा? तिचे सासरे कुशाबा काही तारीख बघून गेले नव्हते. पण पिंपळवंडीकडं दहावा म्हणजे लवकर उरकणारी गोष्ट नाही. आधी प्रवचन, मग श्रद्धांजली. आजी सरपंच झाले, माजी झाले, पुढच्या निवडणुकीला ज्यांना उभं राहायचंय तेही झाले. सगळे पोटभर बोलले, गप्प काय तो मेलेला माणूस.

हर्षालीचं त्या भाषणांकडं लक्षच नव्हतं. ती मनातल्या मनात इंग्रजी वाक्याचे तुकडे पाडत होती. वन ऑफ माय फ्रेंड, हॅज गॉन, टु मुंबई, फॉर अ जॉब. चूक कुठल्या तुकड्यात? पहिल्या. फ्रेंड्स पाहिजे. एवढं एकच वाक्य डोक्यात उरलं होतं, म्हणून ती तेच पुन्हा पुन्हा सोडवत होती. बाकीचं सगळं सुतकात, आल्यागेल्याचा चहा करता करता, पार उडून गेलं होतं. दोनदा इंग्रजीनंच तिचा घात केला होता. यंदा वयाची मर्यादा संपत होती. ही संधी गेली की जन्मभर गोठा आणि खुरपं.

मागच्या वेळी ती नापास झाली तेव्हा साऱ्या घरानं नाद सोडला. सोडला नाही तो कुशाबांनी. सहीपुरतं मराठी येणारा हा माणूस ए पासून ई पर्यंतची, उत्तरांच्या पर्यायांची पाच इंग्रजी अक्षरं शिकला. धारा काढून झाल्या की ओट्यावर गाईडचं उत्तरांचं पान उघडून बसायचा. सुनेनं वाक्य सोडवून अक्षर सांगायचं, यांनी बोट ठेवून ताडून बघायचं. एकदा तिनं सांगितलं, ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं. म्हाताऱ्याला हसू आवरेना. “आगं, बादलीला लाथ तर आपली म्हस रोज मारती. मरती कुटं?”

आता त्याच कुशाबांच्या पिंडासमोर त्यांचा मुलगा, हर्षालीचा नवरा सोपान, हात जोडून बसला होता. “बापू, आईची काळजी करू नका. मी हाय.”

कावळा हलला नाही.

“नाना, बांधाचं भांडण मिटवतो, शब्द देतो,” पुतण्या भिमाजी म्हणाला. एवढं मोठं मन त्यानं पहिल्यांदाच दाखवलं होतं. कावळ्याला तेही पटलं नाही.

ऊन चढलं तसे भटजी चुळबुळू लागले. “दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्रात आहे तसं.”

एसटी नाही तर आळेफाट्यावर एखादी जीप मिळेल, म्हणून हर्षालीच्या जिवात जीव आला. पण ठमाबाईनं, तिच्या सासूनं, हात वर केला. “न्हाई. माझा मालक आसा उपाशी जायाचा न्हाई.” आणि मागं वळून बघते तर सुनेची नजर मनगटावरच्या घड्याळावर.

“हर्षाली, म्होरं ये.”

ती पुढं आली.

“सकाळधरनं बघते मी. तुजा समदा जीव त्या पेपरात, आन् त्यांचा आडकलाय तुज्यापाशी. सासऱ्याच्या दहाव्यातनं सून पळायला बघती, त्यांनी घास कसा घ्यावा? सांग त्यास्नी. पेपरला जात न्हाई म्हनून सांग.”

हर्षालीनं सोपानकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. सगळा घाट तिच्या तोंडाकडं बघत होता. नाहीतरी गाडी गेलीच आहे, बोलायला काय जातंय, असं तिनं मनाला समजावून पाहिलं. पण जात होतं, सगळंच जात होतं.

“मामा,” ती म्हणाली, “मी न्हाई जात पेपरला. आज न्हाई, परत कधीच न्हाई. तुम्ही जेवा.”

कावळ्यानं पंख फडफडवले. तो फांदीवरून उठला, पिंडाकडं न वळता सरळ नदी ओलांडून गेला आणि पलीकडच्या उसावरून दिसेनासा झाला.

भटजींनी दर्भाची काडी उचलली, पण तिचा कावळा वळायचं धाडस त्यांनाही होईना. ठमाबाई रिकाम्या बाभळीकडं बघत राहिली. मग तिनं पदरानं नाक पुसलं.

“सोपान, फटफटी काढ. हिला पुन्याला सोडून ये.”

सोपान उठून उभा राहिला. डोकं भादरलेलं, धोतरातून पाणी गळतंय. “आये, आन् पिंड?”

“पिंडापाशी मी बसते,” ठमाबाई म्हणाली आणि तिथंच ओल्या दगडावर मांडी घालून बसली. “तुमी निगा आदी. न्हाईतर ह्यो म्हातारा आज मलाबी जेवू देयाचा न्हाई.”