काढून टाकलेली नात

पंचवीस वर्षांनी ती वात्रट कुटुंबाची मालिका पुन्हा लागली, तेव्हा शैलजाताई वेळेआधीच टीव्हीसमोर बसल्या. त्यातल्या नातीचं काम त्यांच्या मुलीने, मृण्मयीने, लहानपणी केलं होतं. मृण्मयी गेल्या वर्षी अपघातात गेली.

मालिका सुरू झाली. आजोबा होते, आई होती, पण नात नव्हती. तिचे टोमणे मालिकेतली शेजारीण मारत होती.

"तुमच्या घरात दुःख आहे," टीव्ही हळुवारपणे म्हणाला. "त्रास होईल ते मी काढून टाकतो."

"अरे, तेच बघायचंय मला!"

"इतक्यात नको, ताई."

तेवढ्यात समोरच्या घरातून मृण्मयीचा आवाज आला. "आजोबा, तुमच्या थापांना कंटाळून कवळीसुद्धा बाहेर पडते!" शैलजाताई धावत तिथे गेल्या. त्या टीव्हीनेही त्यांना ओळखलं आणि पडद्यावरची मुलगी पुसली गेली.

"आजी, तुम्ही आलात की ती जाते! बाहेर जा ना!" त्या घरातली सात वर्षांची ओवी रडवेली झाली.

"ओवी!" तिची आई ओरडली.

"असू दे गं. खरंच आहे तिचं."

शैलजाताई बाहेर जिन्यावर बसल्या. आत पुन्हा मृण्मयी बोलू लागली. ओवी दारात येऊन उभी राहिली आणि पडद्याकडे बघत सांगू लागली, "आजी, आता ती वेणी चावतेय."