बारावा टाक

गाळाच्या नवव्या घमेल्यात पहिला टाक निघाला. पुतळाबाईनं तो बोटांनी चोळला. हिरवट पितळेवर घोडा उमटला, घोड्यावर स्वार.

"खंडोबा," ती म्हणाली. काठावर बसलेल्या बाबूनं, तिच्या मुलानं, वहीत लिहून घेतलं.

त्र्याहत्तर सालचा मे महिना होता. वाशी-येरमाळ्याकडच्या त्या गावात बौद्ध वस्तीची विहीर आटली, म्हणून लोक जुन्या, पडीक विहिरीत झरा लागतो का ते बघत होते. खडी फोडायच्या दुष्काळी कामाला त्या दिवशी सुट्टी होती. दोघं तळाशी उतरले होते, बाकीचे दोर ओढत होते. गाळात काय आहे ते जाणत्यांना ठाऊक होतं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वस्तीनं घरोघरच्या देव्हाऱ्यातले टाक, पत्र्यावर ठोकलेले ते बोटभर देव, याच विहिरीत सोडले होते. बाबूचा बाप पिराजी त्या दिवशी सगळ्यांच्या पुढं होता. आपलं घर त्यानं सगळ्यात आधी रिकामं केलं होतं.

बाबू औरंगाबादला पाली विषयात एम.ए. करत होता. पेपर झाले होते. प्रबंध तेवढा राहिला होता: दीक्षेआधी आपल्या वस्तीत कोणते देव पुजत होते. त्याची पहिली यादी सरांनी परत केली होती. "ही ऐकीव नावं आहेत," सर म्हणाले होते. "वस्तू प्रत्यक्ष पाहा. कुणाच्या घरची, कशासाठी पुजत, सगळं नोंदवा. त्याशिवाय प्रबंध स्वीकारता येणार नाही, आणि प्रबंधाशिवाय पदवी नाही."

पिराजी वारून दोन वर्षं झाली होती. आईला विचारलं की ती म्हणायची, "समदं इसरलं रं मी."

आज तिला सगळं आठवत होतं. टाक हातात आला की ती नुसती अंगठा फिरवायची आणि सांगायची. ही येरमाळ्याची येडाई, सरुबाईच्या घरची. हा जोतिबा, आबारावांच्या आज्यानं आणलेला. बाबूचं पेन थांबत नव्हतं. पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

गावात आल्या आल्या शेजारच्या सरुबाईनं त्याला बाजूला घेतलं होतं. "तुझी माय उन्हाळाभर रोज त्या पडीक विहिरीवर जाती. वाकून बघती, पानी किती उरलं ते." बाबूला मग बरंच काही आठवलं. चैतात येरमाळ्याच्या जत्रेला गाड्या निघाल्या की आई दारात उभी राहायची. नव्या परकरातल्या पोरी गाडीच्या साट्यावर बसून हसत जायच्या. गाड्या दिसेनाशा झाल्या तरी ती आत यायची नाही. बुद्धवंदना तिला तोंडपाठ होती. बुद्धजयंतीला बायकांत तिचाच आवाज पुढं असायचा. तरी तिच्या आत कुठंतरी जुनी देवी जागी आहे, असं आता बाबूला वाटू लागलं होतं. आणि बापाची आठवण होऊन त्याला वाईट वाटत होतं.

आबाराव वस्तीतले सगळ्यात वडीलधारे. त्यांनी सकाळीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "जे निघंल ते बाबूच्या हवाली. शिक्षणाच्या कामी येऊ द्या. पर एक बी टाक परत कुनाच्या घरात जानार न्हाय."

पुतळाबाईनंही मान हलवली होती.

दुपार कलली. अकरा टाक फडक्यावर मांडून झाले होते. पुढच्या घमेल्यात पुतळाबाईनं हात घातला, चाचपलं आणि मूठ मिटली. मग ती उठली आणि घराकडं निघाली.

"माय," बाबू म्हणाला, "ते दाखीव ना."

"हे ऱ्हाऊ दे."

"अगं, एक जरी राहिला तरी सर यादी परत करतील. नाव सांग नुसतं."

ती उभीच राहिली. दोर ओढणारे थांबले. आबाराव पुढं आले. त्यांचा आवाज चढला नाही. "पुतळाबाई, सकाळी काय ठरलं आपलं?"

बाबूनं वही खाली ठेवली. तो तिच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "माय, खरं सांग. तुझं मन अजून देवीत हाय का?"

पुतळाबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिनं मूठ उघडली. टाक सगळ्यांत लहान होता. त्यावर परकर-पोलक्यातली एवढीशी आकृती होती, हात जोडलेली.

"ही देवी न्हवं, बाबू. ही हरणी. तुझ्या आधीची. तीन वर्साची व्हती, गोवरात गेली. फोटू कुटला आपल्याला? गेलेल्या मानसाचा टाक देव्हाऱ्यात बशिवायची रीत व्हती, म्हून सोनाराकडनं करून घेतला." तिनं टाकावर अंगठा फिरवला. "तुझा बाप म्हनला, घरातले समदे देव दे. त्यो बरोबरच म्हनला. म्या फडकं उचलून दिलं. ह्यात माझी लेक हाय, येवढं सांगायला त्या दिवशी माझं तोंडच उघडलं न्हाय."

आबारावांनी मान खाली घातली, आणि मग वळून ते दोराकडं गेले.

बाबूनं वहीत बाराचा आकडा आधीच मांडून ठेवला होता. तो त्यानं खोडला. देवांची यादी अकरावरच पुरी झाली होती. वही मिटून तो आईजवळ मातीत बसला.

"दिसायला कशी व्हती?" त्यानं विचारलं.