पाहुण्यांचं पाणी

"कॅनच्या पाण्याचा चहा ठेव. बोअरच्या पाण्याले हात लावशीन तं याद राख!" सत्यभामाबाई दात-ओठ खात सुनेला म्हणाल्या. "आन बाहीर तोंड दाखवू नको. तुह्या पांढऱ्या पायानं एक पोरगं गेलं, आता दुसऱ्याच्या लग्नात आडवी येऊ नको."

रेवतीने मान हलवली. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, पदरात लहान मुलगी होती. तेव्हापासून हे बोलणं रोजचंच होतं, आणि रोज ते तेवढंच लागायचं.

बाहेर बैठकीत तिच्या दिराला बघायला पाहुणे आले होते. मुलीचे वडील उकंडराव आणि मुलीची आत्या अंबूबाई. साखरखेर्ड्याची माणसं, म्हणजे घाटावरची, गोड्या पाण्याची. सासरे अर्जुनराव त्यांना शेत, ट्रॅक्टर, नवा स्लॅब सगळं दाखवून आले होते. आता कॅलेंडर मांडीवर घेऊन साक्षगंधाची तारीख शोधत होते. दीर ऋत्विक नवा शर्ट घालून मान खाली घालून बसला होता. सकाळी डोळ्यांवर आलेली त्याची सूज दुपारपर्यंत बरीच उतरली होती.

सोनाळ्याच्या पलीकडचं अर्जुनरावांचं गाव. पाहुण्याला विकतच्या कॅनचं पाणी आणि घरच्यांना बोअरचं, ही तिथली रीत. पूर्वी नदीकाठच्या विहिरीला गोड पाणी होतं. हल्ली पाऊस चार दिवसांत सगळा कोसळतो आणि मग महिना महिना तोंड दाखवत नाही. विहीर आटली, बोअर खोल खोल गेले, आणि जितकं खोल तितकं खारं पाणी. हे पाणी किडन्या खातं, असं गावातली आशा सेविका अनुपमा घसा कोरडा पडेपर्यंत सांगायची. अर्जुनरावांनी तिला फाटकातूनच हाकललं होतं. "माहा बाप याच गावात नव्वद वर्सं जगला!" बाप विहिरीच्या पाण्यावर जगला, हे त्यांना सांगायची कुणाची टाप नव्हती.

रेवतीचा नवरा अनंत मात्र बत्तिसाव्या वर्षी गेला. किडन्याच गेल्या त्याच्या.

आणि गेल्या महिन्यात आरोग्य शिबिरात ऋत्विकचं रक्त तपासलं होतं. काही निघालं नाही, असं त्याला सांगितलं गेलं. कागद सत्यभामाबाईंनी ज्वारीच्या कोठीत दडवला. ज्वारी काढायचं काम रेवतीचं, हे त्या विसरल्या. कागदावरचा किडनीचा आकडा रेवतीने दोनदा वाचला. अनंतचं दुखणं असल्याच आकड्यापासून सुरू झालं होतं, तेही लग्नाच्या आधी. तो कागदही असाच दडवला होता. तिला तो सापडला अनंत गेल्यावर, त्याच्या कपाटात.

"मामाजी, पाहुण्यायले खरं सांगा," ती आठ दिवसांपूर्वी म्हणाली होती. "आधी भाऊजीचा इलाज करा."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," अर्जुनराव गुरगुरले होते. "लग्न होऊ दे, मंग पाहू इलाजाचं. आन तू तोंड उघडलं तं पोरीसगट घराबाहीर काढीन तुले."

ओट्यावर मुलीचा फोटो होता. अपेक्षा तिचं नाव. सगळे दात दाखवून हसत होती. रेवतीला आपले वडील आठवले. सहा वर्षांपूर्वी याच बैठकीत त्यांनी चहाची तोंडभरून तारीफ केली होती.

तिने कॅनचं झाकण घट्ट लावून टाकलं आणि बोअरची बादली पुढे ओढली. खाऱ्या पाण्यात दूध फाटतं. ते फाटू नये म्हणून चहाचं पातेलं खाली उतरवल्यावर दूध घालायचं, एवढं ती या घरात शिकली होती. रंग झकास आला. सत्यभामाबाई खुशीत ट्रे घेऊन गेल्या आणि रेवती पडद्याआड उभी राहिली.

उकंडरावांनी एक घोट घेतला आणि कप तसाच हातात धरून ठेवला.

"चहा खारट लागतोय का वो?"

अर्जुनराव वेळ मारून नेण्यात पटाईत माणूस. त्यांनी मांडीवर थाप मारली. "सूनबाईनं साखरेच्या जागी मीठ टाकलं वाटते! पोरगं गेलं तसं डोस्कं ठिकाणावर नाही तिचं. तिले सांभाळून राह्यलो आम्ही."

सत्यभामाबाईंनी पदर कोरड्या डोळ्यांना लावला. उकंडराव कळवळले. "दुःख वाईटच," म्हणाले आणि कप बाजूला सारून पुन्हा कॅलेंडरकडे वळले.

पडद्यामागून रेवतीने सगळं ऐकलं. एका वाक्यात तिला वेडी ठरवून सोयरीक वाचवली होती त्यांनी. आता बाहेर जाऊन ओरडली असती, तरी वेडीचंच ओरडणं ठरलं असतं.

अंबूबाईंनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला होता आणि त्या ऋत्विककडे बघत होत्या. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मीठ पडलं म्हणता," त्या अर्जुनरावांना म्हणाल्या, "मग नवरदेवानं सगळा कप कसा काय संपवला?"

ऋत्विकने गोंधळून रिकाम्या कपात पाहिलं, मग सगळ्यांच्या तोंडांकडे.

"काऊन? रोजच्यासारखाच तं हाय."