ओठांवरचं बोट

सीझन संपल्यावर समुद्रकाठी कोणी नसतं, पक्षी निवांत दिसतात, म्हणून लेकानं आम्हाला तंबूत राहायला आणलं आणि माझं तोंडच बंद केलं. नुसती खोकले तरी दुर्बिणीआडून ओठांवर बोट. "श्श, आई, लांब चोचीवाला यायचाय, बुजेल." माझ्या एका हाकेवर अख्खं घर चाललं, आणि आता तोच आवाज पाखराला टोचतो म्हणे. आज भरतीचं पाणी तंबूकडे सरकू लागलं. "अरे..." म्हणाले, तर मागे न बघताच पुन्हा बोट. बरं बाबा. मी माझी घडीची खुर्ची उचलून उंचावर जाऊन बसले. सूनबाईही चपला हातात घेऊन मुकाट्यानं मागोमाग आली. तंबू पाण्यात गेला, तेव्हा चिरंजीव तणतणत माझ्यापुढे उभे राहिले. "आई, सांगता येत नव्हतं?" तेवढ्यात तंबूच्या तरंगत्या टोकावर लांब चोचीवाला येऊन बसला. मी ओठांवर बोट ठेवलं.